लिहायचा हात

याकोब मास्तर मुलांना मारायचे. हे सगळ्यात आधी सांगून टाकते. परवा खामगावच्या चर्चमध्ये त्यांच्या आठवणीची सभा झाली, तिथं एकामागून एक तिघं उठले आणि त्यांना प्रेमळ, शांत, क्षमाशील असं काय काय म्हणून खाली बसले. त्या तिघांपैकी दोघांनी मास्तरांच्या हातचा मार खाल्लेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं. गेलेल्या माणसाला धुऊनपुसून ठेवायची आपल्याकडे रीतच आहे, पण याकोब मास्तरांना इतकं धुतलं की त्यात मास्तर उरलेच नाहीत. घरी आले आणि लिहायला बसले.

मी त्यांच्या शाळेत दुसरी शिक्षिका होते. आई मोठ्या दुष्काळात मिशनच्या दाराशी आलेली, मी तिथल्याच बोर्डिंगात वाढलेली. बाविसाव्या वर्षी मला मिशनने त्या गावी पाठवलं. गावाचं नाव लिहीत नाही. आमची माणसं अजून तिथं राहतात आणि ज्यांनी ते केलं त्यांचीही राहतात. सोनाळ्याच्या अलीकडे, उत्तरेला सातपुडा दिसतो, एवढं पुरे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपूरहून निघायचे, पण आमच्या गावात पोचेपर्यंत त्यांचं जे व्हायचं ते पाटलाच्या मर्जीने व्हायचं.

शाळा गावाबाहेर, आमच्या वस्तीच्या तोंडाशी होती. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांचा कूड, वर गवताचं छप्पर, समोर ओसरी. वस्तीतली मुलं आत बसायची. गावातल्या कुणब्यांची आठ-दहा मुलं यायची, ती ओसरीवर बसायची, कारण आत बसली असती तर घरी गेल्यावर आंघोळ करावी लागली असती. दुसरी शाळा चार कोसांवर, म्हणून गावाला ही चालवून घ्यावी लागत होती. मास्तर दाराच्या चौकटीत उभे राहून एकाच वेळी आत आणि बाहेर शिकवायचे, आणि उभे राहिले की ती चौकट भरून जायची.

माणूस आडदांड होता. कोणा पाद्रीसाहेबाचा जुना कोट घालायचे, त्याच्या बाह्या मनगटाच्या चांगल्याच वर राहायच्या आणि त्यामुळे त्यांचे हात आणखीच मोठे दिसायचे. तरुणपणी खामगावच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे बोजे उचलायचे. तिथं मुकादमाने एका पोटुशी बाईला लाथ मारली. मास्तरांनी हातातला बोजा व्यवस्थित खाली ठेवला, मुकादमाजवळ गेले आणि त्याचा जबडा मोडला. मग तो पडलेला असताना पुन्हा मोडला. हे ते स्वतःच सांगायचे, पहिलं जितक्या सहज तितकंच दुसरं. त्यासाठी तुरुंगात गेले आणि तिथं येणाऱ्या एका म्हाताऱ्या पाद्रीकडून अक्षरं शिकले, मराठीही आणि इंग्रजीही. सुटल्यावर बाप्तिस्मा घेतला. नाव कोणतं हवं असं विचारलं तेव्हा त्यांनी याकोब सांगितलं. रात्रभर देवाशी कुस्ती धरणारा आणि मांडी उखळली तरी न सोडणारा तो माणूस, बायबलात त्यांना एवढा एकच पटला होता. दुसरा गाल पुढे करायचा धडा आला की ते मुलांना सांगायचे, गाल पुढं करा, पण आधी पाय घट्ट रोवून घ्या.

शाळेत खुंटीला निंबाची छडी असायची. चूक झाली की मास्तर ती काढायचे आणि एकच शब्द म्हणायचे, "डावा." मुलगा डावा हात पुढे करायचा. उजवा कधीच नाही. घाबरून एखाद्याने उजवा काढला तर ते थांबायचे, तो हात खाली करायला लावायचे आणि डावा येईपर्यंत वाट पाहायचे. उजवा लिहायचा हात, त्याला धक्का लागता कामा नये, हा त्यांचा कायदा होता. मार मात्र खरा असायचा. तळहातावर वळ उठायचे, कधी कातडं फाटायचं. शाळा सुटल्यावर त्यांची बायको मार्थाबाई त्या हातांना तेल लावत बसायची आणि नवऱ्याला शिव्या देत राहायची.

मी त्यांच्याशी भांडले. बोर्डिंगात आम्हाला कोणी बोट लावलं नव्हतं, तरी आम्ही शिकलोच की, असं मी म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमच्या मडमाईले कोनं मारलं व्हतं कधी, रूथबाई?" ते म्हणाले. "आपल्या लेकराले मार चुकत नाई. गाव मारते, मुकादम मारते, शिपाई मारते. त्यातून काई भेटत नाई. मी मारलं तं अक्षर तरी येते."

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

घरात तरी हा माणूस वेगळा होता म्हणावं, तर तेही नाही. एकदा जेवण थंड झालं म्हणून त्यांनी मार्थाबाईवर पितळी लोटा भिरकावला. तिच्या भुवईत खोक पडली. तिने रक्त पुसलं, लोटा उचलला, बाहेर जाऊन विहिरीच्या वाटेवर कुणाला तरी देऊन टाकला आणि पुढचा महिनाभर नवऱ्याला पाणी म्हणून दिलं नाही. जेवणाशी पाणी लागलं की मास्तर मुकाट्याने उठून स्वतः माठाकडे जायचे. मास्तरच्या हाताले लगाम नाई, पण आता माह्या हाताले हाये, असं मार्थाबाई मला सांगायची.

ओसरीवरच्या मुलांत पाटलाचा पुतण्या नामदेव होता. त्याचं अक्षर इतकं सुरेख की मास्तर त्याची पाटी आतल्या मुलांना दाखवायचे. एके दिवशी त्याने आतल्या एका मुलीला तिच्या जातीवरून घाण बोल लावला. मास्तरांनी छडी काढली. नामदेवने डावा हात पुढे केला आणि मास्तरांनी तो सुजेपर्यंत मारलं. आम्ही सगळे घाबरून गेलो, कारण पाटलाच्या घरच्या पोराला आमच्यातल्या माणसाने हात लावणं म्हणजे काय हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. संध्याकाळी पाटील दोन गडी घेऊन आला. मास्तरांनी नाकारलं नाही. मारलं म्हणाले, डाव्या हातावर मारलं, उजवा पाहा आणि ही पाटी पाहा. पाटलाने पाटी हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि खाली ठेवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी नामदेव ओसरीवर होता. त्या रात्री मास्तर खुशीत होते. हे पोरगं लक्षात ठेवेल, असं मला म्हणाले. त्याने लक्षात ठेवलं.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं तिथूनच उसळलं. आमचा तो भाग खाऱ्या पाण्याचा. वस्तीतली विहीर अशी खारट की तिच्या पाण्यात डाळ शिजायची नाही. गोड पाण्याची विहीर नाल्याकाठी, गावाची. आमच्या बायकांनी तिच्या दोराला हात लावायचा नाही. घागरी एका दगडावर ठेवायच्या, मागे सरकून बसायचं आणि गावातलं कोणी पाणी काढायला आलं की त्याने वरून ओतायचं. त्याच्या मनात असेल तर. गावात कुठे काही बिनसलं की दोन-दोन दिवस कोणी ओतायचं नाही. मुली आयांबरोबर दुपारपर्यंत तिथं बसायच्या आणि शाळेच्या पटावर गैरहजर लागायच्या.

हजेरी कमी म्हणून शाळा बंद करण्याच्या यादीत आमचं नाव आलं. त्याच सुमाराला खामगावच्या मिशनकडून पत्र आलं की समुद्रापलीकडून पाच पाहुणे येत आहेत, दीड महिना वऱ्हाडातली चर्चं आणि शाळा पाहतील, प्रार्थना करतील, मुलांना शिकवतील, आणि कोणत्या शाळा ठेवाव्यात ते त्यांच्या सांगण्यावर ठरेल. आमच्या वाट्याला दोन दिवस. खाली पाद्रीसाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: हार, गाणी, स्वच्छ मुलं, गावातल्या कटकटी पाहुण्यांच्या कानावर घालू नयेत. मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं.

पाहुणे बैलांच्या दमणीतून आले तेव्हा शेतात तूर उभी होती. एक पांढऱ्या दाढीचे मोठे साहेब, एक त्यांच्या मडम, दोन तरुण माणसं, त्यातला एक कॅमेऱ्याची पेटी सांभाळणारा, आणि एक मिस एडिथ, माझ्याच वयाची, उन्हाने नाक सोललेली. मुलं तिला पहिल्या तासातच एडीबाई म्हणायला लागली. माणसं चांगली होती. उगाच चांगली म्हणत नाही. आमच्या जमिनीवर बसून आमची भाकरी त्यांनी खाल्ली आणि ठसका लागला तरी ताटात ठेवली नाही. मुलांना चित्रं दाखवली, पाट्या वाटल्या, गाणी शिकवली. दुभाषी अर्थात याकोब मास्तर. मोठ्या साहेबांनी अर्धा तास उपदेश केला आणि मास्तरांनी त्याचं भाषांतर केलं, "साहेब म्हनतात, नीट वागा." साहेब पुन्हा बोलू लागले. बराच वेळ बोलले. मास्तर म्हणाले, "अजून म्हनतात, नीटच वागा." मला इंग्रजी कळत होतं, त्यामुळे हसू दाबायला मला पदर तोंडाला लावावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे नाल्याकडे फिरायला निघाले. बरोबर मास्तर, मार्थाबाई आणि मी. विहिरीजवळ आमच्या पाच बायका बसलेल्या होत्या, दगडावर रिकाम्या घागरी. विहिरीवर गावातलं कोणी नव्हतं, थोड्या अंतरावर बांधावर दोन-तीन माणसं बैल सोडून बसली होती. मिस एडिथने मास्तरांना विचारलं, या का बसल्यात?

याच प्रश्नाचं उत्तर मास्तर गेली अनेक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांना देत आले होते: विश्रांती घेत आहेत. मी तेच ऐकायला तयार होते. पण त्या दिवशी ते एकदम बोलू लागले. दोन वाक्यांवर न जाणारा माणूस थांबेचना. कोण ओततं, कोण ओतत नाही, मागच्या साली कोणत्या बाईने दोराला हात लावला आणि तिच्या नवऱ्याचे पाय कसे मोडले, मुली पटावर गैरहजर का, शाळा का बंद होणार, सगळं. इंग्रजी मोडकंतोडकं, आवाज खालचा. बायकांकडे न बघता ते फक्त तिच्याकडे बघत होते. पाद्रीसाहेबांचं पत्र त्यांच्या खिशातच होतं.

पुढे काय होणार ते मास्तरांना पक्कं ठाऊक असणार. मिस एडिथ सरळ विहिरीवर चढली, पोहरा सोडला आणि पाणी काढून पहिली घागर भरली. साहेबाच्या बाईला अडवायची बांधावरच्या माणसांची हिंमत नव्हती. दुसरी भरली. तिसऱ्या वेळी तिचे तळहात सोलले, ती हसली आणि तिने दोर शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिला. शेजारी मी होते.

मी ओढला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. पोहरा वर आला, पाणी माझ्या पायावर सांडलं, आणि कॅमेरेवाल्याने फोटो काढला. मास्तर बाजूला उभे होते. ते हसत होते, इतकं मोकळं मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. बांधावरची माणसं उठून गावाकडे गेली.

दुपारी पाहुणे गेले. मुलं दमणीमागे नाल्यापर्यंत धावली. मिस एडिथ रडत होती आणि पुन्हा येईन म्हणत होती. ती नाल्यापलीकडे दिसेनाशी झाली तसे मास्तर माझ्याकडे वळले. कोणी विचारलं तर मी दोराला हात लावलेला नाही, एवढंच सांगायचं, असं म्हणाले.

"बोलली तं आजवर पोरीले मारलं नाई, पह्यला मार तुलेच."

पाहुणे जळंबला आगगाडीत बसेपर्यंत गाव थांबलं. साहेबांच्या देखत त्यांना काही नको होतं. तिसऱ्या दिवशी, सकाळी, शाळा भरलेली असताना ते आले. तीस-चाळीस माणसं, काठ्या, कुऱ्हाडीचे दांडे. आधी घराघरातल्या घागरी बाहेर काढून फोडल्या. वस्तीतला म्हातारा किसन आडवा आला तर त्याच्या डोक्यात काठी घातली. तो जिथं पडला तिथं त्याची सून बसली आणि तिलाही मारलं. मुलांना मी मागच्या बाजूचा कूड फाडून बाहेर काढलं. तोवर छप्पर पेटलं होतं. पऱ्हाटीच्या काड्या कडकड जळत होत्या. ओसरीवरची मुलं गावाकडे पळाली, आतली नाल्याकडे, आणि धुरात दोन्हीकडची सारखीच ओरडत होती.

मास्तरांनी दुसरा गाल वगैरे काही पुढे केला नाही. किसनच्या अंगावरून त्यांनी दोघांना उचललं आणि त्यांची डोकी एकमेकांवर आपटली. तिसऱ्याचं नाक फोडलं. त्यांच्या पाठीवर काठ्या पडत होत्या आणि ते पुढे चालत होते. मला सांगायला लाज वाटते, पण मला त्या वेळी वाटत होतं की मारा, अजून मारा, सगळ्यांना मारा. सहा माणसांना ते आवरेनात. मग कोणीतरी मार्थाबाईला केस धरून ओढत आणलं. मास्तरांनी ते पाहिलं आणि हात खाली सोडले.

आम्हाला सगळ्यांना विहिरीवर नेलं. पाटील तिथं उभा होता. तो ओरडला नाही, त्याला ओरडायची सवयच नव्हती. बांधावरच्या माणसांनी पांढऱ्या लुगड्यातली बाई दोर ओढताना पाहिली होती, आणि मिशनची पांढरी लुगडी दोघींच्या अंगावर होती, मार्थाबाईच्या आणि माझ्या. ज्या हाताने दोर धरला तो हात मोडायचा, असं गावाने ठरवलं होतं. दोघींतली कोण, एवढंच पाटलाने विचारलं.

मास्तर म्हणाले, "मी वढला."

खोटं आहे हे सगळ्यांना कळत होतं. पाटलाने थोडा विचार केला आणि मान हलवली. गावाला एक हात हवा होता, आणि हा हात त्यांना जास्त पटला असावा. मास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. फळ्याजवळून गोंगाट करणाऱ्या वर्गाकडे बघायचे तसंच. मी गप्प राहिले. मला पुढे होऊन सांगता आलं असतं, दोन पावलांचं अंतर होतं. भीती वाटली म्हणून गप्प राहिले, त्यांनी सांगितलं होतं म्हणून नव्हे. सभेत मला बोलायचा आग्रह करत होते, तेव्हा हेच सांगावं लागलं असतं.

मास्तर विहिरीच्या काठाशी गुडघ्यांवर बसले. जिथं दोर घासून दगडाला खाचा पडल्या होत्या तिथं त्यांनी हात ठेवला. डावा.

एका गड्याने जुवाची शिवळ, ते बैलाच्या मानेशी असतं ते लाकूड, उचलली. तेवढ्यात गर्दीतून नामदेव पुढे आला. तोवर त्याला मिसरूड फुटलं होतं, शाळा सोडून वर्ष झालं होतं. तो मास्तरांच्या समोर उकिडवा बसला.

"डावा नाई, मास्तर," तो म्हणाला. "लिव्हाचा हात."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. आजूबाजूला कोणाला त्याचा अर्थ कळला नाही. शाळेत बसलेल्यांना कळला. मास्तरांनी डावा हात काढून घेतला आणि उजवा ठेवला. मनगट नामदेवने धरलं. शिवळ तीनदा खाली आली. पहिल्या वेळी मास्तर ओरडले, नंतरच्या दोन वेळा नाही. मार्थाबाईचा आवाज मात्र मला अजून ऐकू येतो.

फौजदार आला, पाटलाकडे जेवला आणि मग वस्तीत आला. छप्पर शाकारताना मास्तर शिडीवरून पडले आणि चुलीची ठिणगी उडून शाळा पेटली, असा कागद त्याने तयार आणला होता. मास्तरांनी तो वाचला. नाही म्हटलं तर पुन्हा कोण कोणाला ओढत नेईल हे त्यांना माहीत होतं. सही करायची तर उजव्या हाताची बोटं चिंध्यांत बांधलेली. अख्ख्या वस्तीला सही शिकवणाऱ्या माणसाने डाव्या हाताचा अंगठा उमटवला आणि मग मास्तर तो अंगठा बराच वेळ धोतराला पुसत राहिले.

हात खामगावला मिशनच्या दवाखान्यात दाखवला, तोवर फार उशीर झाला होता. हाडं वाकडी जुळली, बोटं पुन्हा मिटली नाहीत. मार्थाबाई त्यांना घास भरवायची. पाण्याचं भांडंही तीच तोंडाला लावायची.

चार-पाच महिन्यांनी मिस एडिथकडून एक मासिक आलं. त्यात तो फोटो होता. दोर ओढणारी मी, पाण्याने भिजलेले माझे पाय, आणि कडेला हसणारे मास्तर. खाली छापलं होतं की वऱ्हाडातल्या एका खेड्यात त्या दिवसापासून विहीर सर्वांना मोकळी झाली. मी ते त्यांना वाचून दाखवलं तेव्हा माझा आवाज रागाने फुटत होता. तिला सगळं कळवते, असं मी म्हणाले. मास्तरांनी कळवू दिलं नाही.

"खरं लिवलं तं ते लोकं भितीन," ते म्हणाले. "भ्यालेलं मानूस शाळा बंद करते. तू लिव्ह, छप्पर पाह्यजे, अन् एक विहीर."

मग मी विचारलं, तुम्हाला सगळं माहीत होतं, तरी तिला का सांगितलं? त्यांनी मोडका हात मांडीवर नीट ठेवला. दोन दिवसांचे पाहुणे फुलं घेऊन गेले असते आणि त्यांच्यामागे शाळाही गेली असती, असं म्हणाले. मार तर चुकणार नव्हताच. या मारातून काहीतरी भेटावं, एवढंच त्यांनी पाहिलं. तो दोर ती माझ्या हातात देईल असं मात्र आपल्याला वाटलं नव्हतं, हेही त्यांनी सांगितलं, आणि एवढ्यासाठी माझी माफी मागितली. मी उठून बाहेर गेले.

मी लिहिलं. त्या पाच जणांच्या शब्दावर शाळा राहिली. छप्पर झालं. शाळेशेजारी विहीर खणली. दोन जागी खारं लागलं, तिसऱ्या जागी गोड. मला मिशनने खामगावला परत बोलावून घेतलं, आणि मी मागे वळून न पाहता गेले.

त्यानंतर मी मास्तरांना एकदाच पाहिलं. दोन वर्षांनी शाळेची परीक्षा घ्यायला मला पाठवलं होतं. मी लवकर पोचले आणि ओसरीशी थांबले. ओसरीवर तीनच मुलं होती, आत मात्र दाटी होती, मुलीही. मास्तर फळ्यावर लिहीत होते, डाव्या हाताने. त्यांच्या अक्षराचा वस्तीत केवढा मान होता, आणि आता ते अक्षर पहिलीतल्या पोराचं, एका बाजूला कललेलं, वेलांट्या भलतीकडे गेलेल्या. एक ओळ लिहायला त्यांना फार वेळ लागत होता. तेवढ्या वेळात मागच्या एका मुलाने पुढच्या मुलीच्या वेणीला खडूची पुरचुंडी बांधली आणि ती रडायला लागली.

मास्तर वळले. त्यांनी खडू ठेवला आणि खुंटीची छडी काढली. छडी तीच, निंबाची. मुलगा उठून पुढे आला. नवीन होता, पण शाळेचा कायदा त्याला घरच्या थोरल्यांनी सांगितलेला दिसत होता, कारण त्याने न विचारता डावा हात पुढे केला.

मास्तर त्या हाताकडे बघत उभे राहिले. छडी त्यांच्या स्वतःच्या डाव्या हातात होती आणि त्या हाताची बोटं खडूने पांढरी झाली होती. मुलाला वाटलं आपलं चुकलं. त्याने डावा मागे घेतला आणि उजवा पुढे केला. तरी मास्तर काही करीनात, तेव्हा त्याने दोन्ही हात पुढे केले.

"कोनता, मास्तर?" त्याने विचारलं.

"दोन्ही लिव्हाचेच होयेत," मास्तर म्हणाले. "बस खाली."

मुलगा बसला. मास्तरांनी छडीचं टोक फळ्यावरच्या पहिल्या वाकड्या अक्षरावर टेकवलं, आणि सगळा वर्ग वाचू लागला.